चार शाया, नऊ चौकटी

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१ वा अंक, जून १९७३. खलनायक ग्रीन गॉब्लिननं स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली लोटलंय. वरून जाळ्याचा धागा झेपावतो आणि तिच्या पायांना चिकटतो. एकाच चौकटीत दोन आवाज लिहिलेले आहेत. पायांपाशी ‘स्विक!’, जाळं चिकटल्याचा. तो लगेच दिसतो. दुसरा तिच्या मानेपाशी आहे, मसुराच्या डाळीएवढ्या अक्षरांत: ‘स्नॅप!’

कथेत हा दुसरा आवाज कुणालाच ऐकू जात नाही. स्पायडर-मॅन तिला वर ओढत असतो, आपण वाचवलं म्हणून खूश असतो. ज्या वाचकानं ती चार इंग्रजी अक्षरं वाचली त्याला कळलेलं असतं, की वेगानं पडणारं शरीर पायाशी एकदम अडवलं तर हिसका मानेला बसतो. ज्याच्या नजरेतून ती सुटली, तो पुढच्या चौकटींमध्ये स्पायडर-मॅनइतकाच अजाण राहतो. कथेचं नावसुद्धा शेवटच्या पानावर येतं, कारण ते आधी छापलं असतं तर सगळंच फुटलं असतं. लेखक गेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. मार्व्हलमध्ये तेव्हा आधी कथासूत्र, मग चित्रं आणि सगळ्यात शेवटी संवाद अशी पद्धत होती. म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर ती चार अक्षरं त्याच्यावर मागाहून ठेवलेली आहेत. (मजकुरात हा पूल जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज आहे आणि चित्रात चक्क ब्रुकलिन ब्रिज, दगडी मनोऱ्यांचा. एवढ्या थोर अंकातही ही चूक राहून गेली आणि तिच्यामुळे तो मला अधिकच जवळचा वाटतो.)

सुपरहिरो म्हटलं की उडणं, इमारती कोसळणं, आभाळातून वीज पाडणं आठवतं. ते सगळं पडद्यावर आता कितीतरी भव्य दिसतं. कॉमिक्सवरचं माझं प्रेम मात्र अशा डाळीएवढ्या जागांवर आहे. कागद वर्तमानपत्राच्या दर्जाचा, शाया चारच, पानं मोजून दिलेली, महिन्याची तारीख ठरलेली. मला यातलं जे जे सगळ्यात आवडतं, ते बहुतेक या अडचणींनीच घडवलेलं आहे.

दोन चौकटींमधली पांढरी पट्टी घ्या. या धंद्यात तिला गटर म्हणतात. मराठीत मला ‘फट’ हा शब्द जास्त बरोबर वाटतो. मूळ चित्रात ती साधारण पाव इंच असते, छापून आल्यावर चार मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या चौकटीत मूठ मागे घेतलेली, दुसरीत खलनायक भिंतीतून आरपार. ठोसा कुठेच काढलेला नाही. तो त्या चार मिलिमीटरमध्ये बसतो आणि तो वाचकाच्या मनात बसतो. चित्रकाराची खरी निवड इथे असते: ठोशाआधीचा क्षण काढायचा, लागतानाचा, की लागून गेल्यानंतरचा? कच्चा चित्रकार दर वेळी लागतानाचा क्षण काढतो. मग मूठ आणि जबडा एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, जोर कुठून आला आणि कुठे गेला हे कळत नाही. मार्व्हलचा नावाजलेला चित्रकार जॅक कर्बी बहुतेक वेळा लागून गेल्यानंतरचा क्षण पकडतो. हात पूर्ण फिरून गेलेला, खांदा वळलेला, पाय फाकलेले, आणि मार खाणारा चौकटीच्या काठाकडे फेकला जात असलेला. फटीत काय झालं हे सांगायची गरजच उरत नाही.

पान उलटणं ही याच फटीची थोरली बहीण. अंक उघडा धरला की विषम आकड्याचं पान उजवीकडे आणि सम आकड्याचं डावीकडे येतं. उजव्या पानाची शेवटची चौकट म्हणजे उंबरठा. तिथे कुणीतरी दार उघडतं, कुणाचे तरी डोळे विस्फारतात, आणि काय दिसलं ते पान उलटल्यावर. म्हणून धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर हवा. तो चुकून उजव्या पानावर आला तर डावं पान वाचतानाच नजरेच्या कोपऱ्यातून दिसून जातो आणि फुकट जातो. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र सम पानावरच सुरू व्हावं लागतं, नाहीतर अर्धं चित्र पाठच्या बाजूला जाईल. लेखक-चित्रकारांनी हा सगळा हिशेब जमवावा आणि मध्येच जाहिरातीचं एक पान शिरून पुढची सगळी पानं एकानं सरकावीत, असंही घडतं. मोबाइलवर चौकट-चौकट वाचताना तर हा हिशेब संपूनच जातो. त्यामुळे नव्या वाचकाला मी एवढंच सांगेन: पहिला अंक कागदावर वाचा, आणि पान उलटण्याआधी अर्धा श्वास थांबा.

या मोजमापाचा सर्वोत्तम नमुना म्हणून मी स्पायडर-मॅनचा मूळ चित्रकार स्टीव्ह डिटको याची पानं दाखवेन. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक ३३, फेब्रुवारी १९६६. नायक पाण्याखालच्या अड्ड्यात अजस्र यंत्राखाली अडकलाय. त्याच्या मे काकूला वाचवणारं औषध समोर पडलंय, पण हाताला लागत नाही. छतातून पाणी ठिबकतंय. घटना एवढीच: एक माणूस एक ओझं उचलतो. दुसऱ्या कुणी ती एका पानात उरकली असती. डिटको तिला अनेक पानं देतो. सुरुवातीच्या चौकटी लहान आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या. यंत्राचा काळा भार वरचा बराच भाग व्यापून बसतो आणि माणूस खाली, तळाशी दबलेला. ओझं हलू लागतं तशा चौकटी मोठ्या होत जातात. शेवटी पूर्ण पानाची एकच चौकट, आणि तो उभा. चौकटीची रेघ हीच त्या यंत्राची भिंत आहे हे इथे डोळ्यांना पटतं. संवाद झाकून ही पानं पाहा, तरी दम लागतो.

डिटकोला तीन ओळी आणि तीन रकाने अशा नऊ चौकटींच्या पानाची आवड होती. पुढे डेव्ह गिबन्सनं ‘वॉचमेन’मध्ये (१९८६-८७) हीच नऊ घरं जवळजवळ सगळीकडे ठेवली. वरवर पाहता ही पद्धत कंटाळवाणी वाटावी. पण तबल्यावर ठेका पक्का असला की मगच एखादी मात्रा सोडल्याचं ऐकू येतं. नऊ समान घरांत एखाद वेळी तीन घरं जोडून रुंद चौकट आली की ती आपोआप लांब, शांत वाटते. ज्या पानावर प्रत्येक चौकट तिरकी आणि वेडीवाकडी असते तिथे काहीच वेगळं उरत नाही, आणि पुढे कुठे वाचायचं हाही गोंधळ होतो. ‘वॉचमेन’चा पाचवा अंक तर मधोमध घडी घातल्यासारखा आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, असं थेट मधल्या जोडपानापर्यंत. ते जुळवून पाहायचं तर दोन्ही हातांनी दोन टोकांची पानं धरून बसावं लागतं.

आता चित्र कागदावर कसं उतरतं ते बघू. अमेरिकी अंकाचं मूळ पान ११ बाय १७ इंचांच्या जाड ब्रिस्टल बोर्डावर काढलं जातं, त्यात चित्राची जागा १० बाय १५. छापताना ते साधारण दोन तृतीयांश होतं. १९६७च्या सुमारापर्यंत मूळ पानं याहून मोठी, छापील चित्राच्या जवळजवळ दुप्पट असत. बोर्ड लहान झाला तेव्हा हाताची सवय मोडली. कर्बीच्या पानांवर चौकटींची संख्या घटली, माणसं मोठी झाली, आणि त्याच्या विश्वाला तो अवाढव्यपणा आला. लहान होताना काय बिघडतं? बारीक रेघा तुटतात आणि जवळजवळच्या रेघांचं जाळं शाईनं भरून एक काळा डाग होतो. म्हणून शाई करणारा, म्हणजे इंकर, हा नुसता पेन्सिलीवर गिरवणारा माणूस नव्हे. छपाईत कुठली रेघ टिकेल, कुठली मरेल, हे त्याला आधी दिसावं लागतं. कर्बीच्या पेन्सिलीवर जो सिनॉटची शाई पाहा: ब्रशची रेघ वळणावर जाड होते, टोकाला सुईसारखी निमुळती होते, धातू धातूसारखा चमकतो.

कर्बीच्या चित्रांतली ऊर्जाही अशीच शाईतून सुचलेली आहे. स्फोटाभोवती, अवकाशात, कुणाच्या हातातून निघणाऱ्या शक्तीभोवती काळ्या गोल ठिपक्यांचे घोस असतात. वाचक त्याला ‘कर्बी क्रॅकल’ म्हणतात. ठिपके काळे, पण चमकते ती त्यांच्या मधली कोरी जागा. काळी शाई ही चार शायांतली सगळ्यात भरवशाची, म्हणून उजेड दाखवायला त्यानं काळोखच वापरला. नक्कल करणारे नेहमी इथे चुकतात: सगळे ठिपके एकाच मापाचे काढतात आणि मग ते साबुदाण्यासारखे दिसतात. लहानमोठे ठिपके एकमेकांत शिरले, दाटीवाटीनं एका बाजूला गेले, तरच ते उसळताना दिसतात.

पहिल्या पानाच्या तळाशी नावांची चौकट असते: लेखन, पेन्सिल, शाई, अक्षरं, रंग. ती मी कधीच ओलांडून पुढे जात नाही, कारण ती सुखासुखी आलेली नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरला दिले; निर्माते म्हणून नाव आणि वार्षिक मानधन पदरात पडायला १९७५ उजाडलं. बॅटमॅनच्या घडणीत बिल फिंगरचा वाटा केवढा मोठा, पण बॉब केनच्या शेजारी त्याचं नाव अधिकृतपणे लागलं २०१५ मध्ये, तो जाऊन चार दशकं उलटल्यावर.

अक्षरांबद्दल मराठी वाचकाला सांगण्यासारखं बरंच आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा सगळी अक्षरं मोठ्या (कॅपिटल) लिपीत असतात. त्यामुळे प्रत्येक ओळ एका उंचीची, विटांसारखी रचता येते. एक जुना हिशेब सांगतात की चौकटीला ३५ शब्द आणि सहा चौकटींच्या पानाला २१०. त्यापुढे गेलं की चित्र गुदमरतं. देवनागरीला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षराचे पाय. दोन ओळींत तेवढी जागा सोडली नाही, तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजी तीन ओळींसाठी काढलेल्या संवादाच्या फुग्यात मराठीच्या जेमतेम दोन ओळी नीट मावतात. त्यात आपले प्रत्यय शब्दाला चिकटून लांबण लावतात; ‘शहरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द अरुंद फुग्यात एकटाच ओळ खातो. मग अनुवाद करणारा एकतर अक्षरं मुंगीएवढी करतो, नाहीतर संवाद छाटतो. मराठीत नवं कॉमिक करणाऱ्यानं क्रम उलटा ठेवावा: आधी मजकूर हातानं लिहून घ्यावा, मग त्याच्याभोवती फुगा काढावा, आणि उरलेल्या जागेत चित्र बसवावं. एका फुग्यात पंधरा शब्द झाले की थांबावं.

आवाजांच्या बाबतीत मात्र मराठीइतकी श्रीमंत भाषा मला माहीत नाही. इंग्रजी कॉमिक्सनं आपले आवाज कष्टानं घडवले: स्पायडर-मॅनच्या जाळ्याचा ‘थ्विप’, वुल्व्हरिनच्या नख्यांचा ‘स्निक्ट’, नाइटक्रॉलर गायब होतानाचा ‘बॅम्फ’. ऐकून कोण आला ते कळतं, इतके ते एकेकाचे झालेत. आपल्याकडे खण्ण, फाड्, सूं, धडाम, सळसळ, ठणठण, भस्स असा साठा आयताच आहे. अडचण फक्त एक. आपले बरेचसे आवाज क्रियापदाला टेकून उभे राहतात: खाडकन मारली, धाडदिशी आदळला, सपकन कापलं. चित्रात क्रिया दिसतच असते, तेव्हा ‘कन’ आणि ‘दिशी’ सोडून द्यायचं. ‘खाडकन’ लिहिलं की कुणीतरी गोष्ट सांगत असल्यासारखं वाटतं, ‘खाड्!’ लिहिलं की कानाखाली बसते. पाय मोडलेलं अक्षर हा देवनागरीचा खास दागिना आहे. तो हलन्त आवाज जागीच तोडतो, आणि त्यासाठी इंग्रजी लिपीत वेगळी खूणच नाही.

रंगांकडे वळतो, आणि ते नाशिकमध्ये बसून बोलायला विशेष बरं वाटतं. नाशिकरोडला नोटा आणि टपाल तिकिटं छापणारे सरकारी छापखाने आहेत. खिशातली नोट काढून उजेडाकडे धरा. एका ठिकाणी आकड्याचा अर्धा भाग पुढून छापलेला असतो, अर्धा मागून, आणि उजेडात ते दोन्ही मिळून एक आकडा होतो, केसभरही न हलता. याला रजिस्टर जुळणं म्हणतात. आता जुन्या कॉमिकचं पान घ्या आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. ओठांचा लाल रंग ओठांच्या बाहेर हनुवटीकडे सरकलेला, केपच्या एका काठाला पांढरी चीर आणि दुसऱ्या काठाला रंगांचं ओव्हरलॅप. चारही शाया एकामागून एक, भरधाव यंत्रावर, शाई शोषणाऱ्या कागदावर छापलेल्या. तिथे एखादा मिलिमीटर हलणारच. ज्या शहरात छपाईची अचूकता हा शेकडो घरांचा रोजगार आहे, तिथे या हललेल्या रंगांवर प्रेम करणं मला मुळीच विसंगत वाटत नाही. नोट पहिल्या दिवशी आणि हजाराव्या दिवशी सारखीच दिसायला हवी. कॉमिकची प्रत्येक प्रत किंचित वेगळी असते.

भिंगाखाली ठिपके दिसतात त्यांचं गणित सोपं आहे. पिवळी, किरमिजी आणि निळी या तीन शाया. प्रत्येकीच्या चार पायऱ्या: शून्य, २५ टक्के, ५० टक्के आणि पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग. काळी शाई रेघांसाठी वेगळी. रंगकार पानाच्या छोट्या प्रतीवर पाण्याचे रंग लावून शेजारी सांकेतिक अक्षरं लिहायचा, आणि मग दुसरी माणसं प्रत्येक शाईची प्रत्येक पायरी वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर हातानं भरायची. गोऱ्या कातडीचा संकेत होता ‘वाय-२ आर-२’: पाव पिवळा, पाव किरमिजी. सावळी कातडी हवी असेल तर थोडा निळा मिसळावा लागे, आणि इथेच घात व्हायचा. निळ्याचे ठिपके किंचित फुगले की कातडी राखाडी किंवा हिरवट दिसायची. जुन्या अंकांतली काळी किंवा आशियाई माणसं आजारी असल्यासारखी दिसतात त्याचं एक कारण हे ६४ रंगांचं कोष्टक आहे. एक कारण, सगळं नव्हे; कातडीचा मूळ रंग कुठला धरायचा हे कोष्टक करणाऱ्यांनीच ठरवलं होतं.

हल्क हा या कोष्टकाचा सगळ्यात नामवंत बळी. मे १९६२च्या पहिल्या अंकात तो राखाडी आहे. पण राखाडी हा छापायला अत्यंत कटकटीचा रंग. शायांचं प्रमाण जरा हललं की तो हिरवट होतो, तांबूस होतो, नाहीतर काळाच पडतो. त्या अंकात हल्क पानागणिक बदलत गेला. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला आणि मधले काही काळ सोडले तर तो आजतागायत हिरवाच आहे. रागानं हिरवं होणं ही त्याची ओळख झाली, आणि तिचं मूळ छापखान्यात आहे. याच गणितातून आणखी एक रिवाज पडला. शुद्ध, भडक लाल-निळा-पिवळा नायकांच्या वाट्याला गेला, आणि मिसळीचे हिरवे-जांभळे बरेचदा खलनायकांच्या. ग्रीन गॉब्लिनचा पोशाख आठवा. जोकरचे केस आणि कोट आठवा.

आपल्या वेताळाचीही, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’चीही, हीच कथा. ली फॉकनं १७ फेब्रुवारी १९३६ला त्याला वर्तमानपत्रात आणलं ते काळ्या-पांढऱ्या पट्टीत. फॉकच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. पुढे रविवारच्या रंगीत पुरवणीत तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्कँडिनेव्हियात तो निळा आहे, इटलीत लाल. जंगलात लपणाऱ्या माणसाला यातला एकही रंग सोयीचा नाही, पण पानावर तो क्षणात सापडतो, आणि कॉमिकला तेवढंच हवं असतं. त्याच्या मुखवट्यातून बुबुळं दिसत नाहीत, ही फॉकला ग्रीक पुतळ्यांवरून सुचलेली युक्ती. पुढे बॅटमॅनपासून कितीतरी जणांनी ती उचलली. डाळीएवढ्या चेहऱ्यात बुबुळ काढलं तर तो ठिपका होतो. कोरी पांढरी फट मात्र लांबूनही रोखून पाहते.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, आणि त्याची मराठी आवृत्तीही निघाली. १९९० मध्ये ते बंद झालं. मूळ कथेतला ‘बंगाला’ हा देश बंगालशी घोटाळा नको म्हणून इथे ‘डेंकाली’ झाला. या अंकांचा वेग जरा अडखळता वाटतो, त्याचंही कारण आहे. मूळ पट्टी रोज तीन-चार चौकटींची. काल काय झालं ते विसरलेल्या वाचकासाठी रोजची पहिली चौकट थोडी उजळणी करते. अशा साठसत्तर दिवसांच्या पट्ट्या जोडून पुस्तक केलं की दर चौथ्या चौकटीला गोष्ट एक पाऊल मागे जाते. मग पानांत बसवण्यासाठी चौकटी कापल्या जातात, वाढवल्या जातात, आणि कुठे कापलं ते चित्राच्या काठावरून ओळखू येतं. मला हे अडखळणंही आवडतं, कारण त्यात रोज सकाळी पेपरची वाट पाहणाऱ्याचा ठेका शिल्लक आहे. आणि वेताळात एक असा तोडगा आहे जो अमेरिकेच्या थोर नायकांना सापडला नाही: तो म्हातारा होतो, मरतो, आणि मुलगा मुखवटा चढवतो. सध्याचा एकविसावा. सुपरमॅनला ऐंशीहून जास्त वर्षं पस्तिशीतच ठेवण्यासाठी काय काय आटापिटा करावा लागतो ते पाहिलं, की या साध्या वंशावळीचं मोल कळतं.

हे अंक आता मिळतात ते रद्दीत, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, कुणाच्या माळ्यावर. नाशिकमध्ये ते नासतात कसे हे ध्यानात घेऊन ठेवावे लागतात. जून ते सप्टेंबर हवा दमट, आणि गावठाणातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती ओल धरतात. गोदेला पूर आला आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं, की नदीकाठच्या तळमजल्यांवरची खालची फळी आधी जाते. म्हणून पहिला नियम: अंक जमिनीपासून दोन फूट वर आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. त्यानंतर धोका दिवाळीच्या साफसफाईचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘रद्दी नाही’ लिहून ठेवा.

वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन असतं. हवा आणि उजेड लागून ते पिवळं पडतं आणि आम्ल सोडतं, म्हणून कागद कडेपासून तपकिरी आणि ठिसूळ होत जातो. हे थांबत नाही, लांबवता मात्र येतं. प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिस्टरची पिशवी, आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा. साडीच्या दुकानातली जाड, मऊ, वास येणारी पिशवी वापरू नका. ती पीव्हीसीची असेल तर तिच्यातलं तेलकट द्रव्य सुटून मुखपृष्ठाची शाई पिशवीला चिकटते. पिशव्या दर पाचसात वर्षांनी बदला. अंक उभे ठेवा, पण सैल नाही आणि कोंबूनही नाही. सैल ठेवले तर ते वाकतात आणि कणा तिरका होतो. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि रंग बदलला की तिच्यातले दाणे तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. चिकटपट्टी कधीही लावू नका. तिचा डिंक वर्षांनी तपकिरी तेल होऊन कागदात उतरतो आणि ते निघत नाही.

कसर लागली असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरतं. भिजलेला अंक उन्हात टाकू नका. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली ठेवा आणि टिपकागद दर दोन तासांनी बदला. पिना गंजल्या असतील तर ओढू नका. मधलं पान उघडा, पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीनं सरळ करा, मग बाहेरच्या बाजूनं अलगद काढा. स्टेनलेस स्टीलची नवी पिन जुन्याच भोकांत घाला. लायब्ररीतून सुटलेले अंक बहुधा दाभणानं टोचून, पुठ्ठा लावून शिवलेले असतात. शिवण कण्यापासून सेंटिमीटरभर आत असते आणि आतल्या बाजूच्या चौकटी अर्ध्या गिळते. असा अंक मिळाला तर दोरा एकेका टाक्यानं कापा आणि पानं दोन दिवस वजनाखाली ठेवा. भोकं राहतील, पण गिळलेल्या चौकटी परत दिसतील.

उन्हापासून जपायचं ते मुख्यतः मुखपृष्ठ. चार शायांपैकी किरमिजी आणि पिवळी उन्हात आधी उडतात. निळी आणि काळी तग धरतात. खिडकीशी वर्षभर पडलेल्या अंकावरचा स्पायडर-मॅन त्यामुळे फिका निळा दिसतो, लाल जाऊन त्याच्या जाळ्याच्या काळ्या रेघा तेवढ्या उरलेल्या. असा अंक कुणी चार पैशांत देत असेल तर घ्या. आतली पानं उजेडाविना मिटलेली असतात, आणि मधलं पान उघडलं की तिथे तो लाल अजून ओला असल्यासारखा दिसतो.